गुरुवारची कुस्ती, सोमवारचा मजकूर

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

मुक्काम जगलबेटाजवळची वाडी, पेटा सुपे
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८३४

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी येसाजी वाकला आहे असे समजावे. शांताआक्कालाही तसाच नमस्कार, आणि तिच्या डाव्या गुडघ्याची वेगळी विचारपूस. मागे वाडीच्या म्हादूबरोबर कोकमाच्या तेलाचे मुठेल धाडले होते, ते आक्काच्या गुडघ्याला लागले की छापखान्यात तडकलेल्या तुमच्या बोटांना, हे खरे खरे कळवावे (आक्का विचारल्याशिवाय सांगणार नाही आणि तुम्ही विचारूनही सांगणार नाही, म्हणून दोघांना मिळून विचारतो). इकडे देवाच्या दयेने सर्व ठीक. म्हैस व्याली, चीक तुमची आठवण काढून खाल्ला. गवे यंदा शेतात दोनदाच उतरले. आपली धाकटी फुला बरी आहे. इतकी बरी आहे की मला तिच्या तोंडाकडे बघवत नाही. त्याचे कारण पुढे येईल. पत्र लांब आहे. एका बैठकीत वाचावे आणि शेवट आधी वाचू नये, ही विनंती.

तुम्ही बेळगावात त्या साप्ताहिकाचे खिळे जुळवता, म्हणून तुम्हाला पेपर कसा निघतो हे ठाऊक आहे. पण तो इकडे येऊन कसा पडतो हे ठाऊक नाही. तीन वर्षांमागे तुम्ही आक्काच्या बांगड्या त्यात गुंडाळून पाठवल्या होत्या. बांगड्या फुलाने घेतल्या, पेपर मी घेतला. त्या शुक्रवारी देवळात पोथी झाल्यावर मी तो वाचून दाखवला. पहिल्या पानावर सरकारचे होते, दुसऱ्यावर कौन्सिलातले, आणि माणसे खांबाला टेकून पेंगत होती. मग शेवटच्या पानावर, केस वाढवण्याचे तेल आणि खोकल्याची गोळी यांच्यामध्ये, चार ओळी निघाल्या: बेळगावच्या मैदानात अमक्याने तमक्याला पाडले. दाजी, देऊळ जागे झाले. त्या दोघांपैकी एकाचेही नाव कोणी ऐकलेले नव्हते. तरी मला चार वेळा वाचायला लावले, चौथ्या वेळेपर्यंत देवळात दोन पक्ष पडले होते, आणि लक्ष्मण पाटलांनी विचारले की कुठला पाय धरून पाडला. ते छापलेले नव्हते. त्यावरून पाटील माझ्यावर रागावले ते पुढच्या शुक्रवारपर्यंत.

तेव्हापासून मला या गोष्टीचे मोठे कुतूहल लागून राहिले आहे. ज्याने पाहिले नाही त्याला न पाहिलेल्याचा एवढा जोर कुठून येतो? पोथीतले युद्धही आम्ही पाहिलेले नाही, पण ते देवांचे आहे. हे तर तमक्याचे. गेल्या दिवाळीत तुम्ही सांगितलेत की संपादक महाशयांनाही हे असेच उमगले. कुस्त्या नेमाने घातल्यापासून चारशे प्रतींच्या सातशे झाल्या, आणि तेलाची जाहिरात आतल्या पानावर ढकलली तेव्हा तेलवाला आधी भांडायला आला आणि मग आपणहून जास्त दर देऊन कुस्तीच्या शेजारी येऊन बसला. हे ऐकून मी बराच वेळ विचार करीत होतो. केसांचा आणि कुस्तीचा संबंध नाही (उलट पैलवान डोके तासून घेतात), पण तेलवाल्याला आमच्या देवळात खांब सोडून जागी झालेली माणसे तिथे बसून दिसली असावीत.

पुढे महाशयांनी रेल्वेच्या ठेसनाठेसनाला बातमीदार नेमले आणि तुमच्या शब्दावरून तिनईघाटचा मी झालो. मोबदला म्हणून पेपराची एक प्रत फुकट. बातमीवर ‘आमच्या तिनईघाटच्या बातमीदाराकडून’ असे छापून येते. नाव येत नाही, तरी तो पहिला अंक मी पोथीच्या फडक्यात बांधून ठेवला आहे (देवाची क्षमा मागून, पोथी वर आहे, अंक खाली). माझी एकच अडचण होती, ती मिनिटांची. इतर बातमीदारांच्या सगळ्या कुस्त्या साडेसात मिनिटांत निकाली होत, आणि इथे घड्याळ चार कोसांवर ठेसनात. तुम्हीच समजूत काढलीत की ‘साडेसात मिनिटांत आस्मान दाखविले’ एवढे खिळे छापखान्यात जुळवूनच ठेवलेले असतात. कोणी पाच लिहो की पंधरा, घाईच्या वेळी तेच उचलून बसवतात. त्या दिवसापासून मीही साडेसातच लिहितो. तुमचे श्रम वाचावेत एवढाच हेतू.

आता लखूचे. फुलाचा हा एकुलता मुलगा बावीस वर्षांचा झाला. नवरा गेल्यावर तिने नाचणीवर आणि दुसऱ्यांच्या रानातल्या कामावर त्याला वाढवला, आणि देवाने त्याला अंग दिले. बेळगावच्या तालमीचे धनी तुमच्याजवळ म्हणाले होते की पोराने जत्रेतली शेवटची कुस्ती मारली आणि ती आपल्या पेपरात आली तर खुराकासकट ठेवून घेतो. म्हणजे दोन गोष्टी लागत होत्या. कुस्ती मारणे लखूकडे होते आणि पेपर माझ्याकडे. लखूच्या वाट्याचे काम अवघड आणि माझ्या वाट्याचे सोपे, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

जत्रेआधी आठ दिवस महाशयांचे कार्ड आले. लिहिले होते की दुसरे साप्ताहिक हल्ली आपल्याच कुस्त्या आठ दिवस उशिरा छापते, आपणही शिळे दिले तर अर्धा आणा देऊन कोणी घेणार नाही, सबब जत्रेच्या मोठ्या कुस्तीची बातमी माघ पौर्णिमेच्या अंकात आलीच पाहिजे. मजकूर मंगळवारी दुपारपर्यंत हाती पडावा. आता आमची मोठी कुस्ती पौर्णिमेलाच, गुरुवारी उन्हे कलल्यावर, ही आजोबापणजोबांपासूनची चाल. महाशयांना ती ठाऊक नसेल हे माझ्या मनात आले नाही. मला वाटले, एवढा शिकलेला माणूस मागतो आहे त्या अर्थी शहरात आगाऊ बातमी मिळवण्याची काही रीत असणार. इथे ती काय असावी याचा मी दोन दिवस विचार केला. मग उमगले की इथे तर ती आहेच.

तुम्ही लग्नात पाहिला आहे आमचा कौल. देवाच्या पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि बसायचे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पेरणी, सोयरीक, हरवलेले ढोर, सगळे असेच ठरते, आणि माझ्या पन्नाशीत तो खोटा पडलेला मी पाहिला नाही. रविवारी सकाळी आंघोळ करून कान्हू गुरवाला बसवले. लखू जिंकतो का? उजवी पडली. मी डोळे मिटून हात जोडले. पण मग लक्ष्मण पाटील आठवले आणि म्हटले, नुसते जिंकला लिहून भागणार नाही. ढाक मारून का? डावी. एकचाक? डावी. कान्हूच्या मांडीला मुंग्या आल्या. तो म्हणाला, “येसाजीदा, लोक देवाला पाऊस इचारत्यात, गुरं इचारत्यात. कुठला डाव म्हनून इचारनारा तू पयलाच.” मी म्हटले, ही अखेरची. टांग का? उजवी अशी पडली की जणू देवही उठायच्या घाईत होता.

सोमवारी मी लिहिले की आमच्या जत्रेत लखूने खानापुराकडच्या मारुती पैलवानास टांग लावून साडेसात मिनिटांत आस्मान दाखविले, पाच हजारांचा समुदाय लोटला होता. (समुदायाचे देवाला विचारले नव्हते. आमची जत्रा बकऱ्यांसकट सहाशेची. पण तुमच्या पेपरात पाच हजारांच्या खाली कधी कोणी लोटलेले मी वाचले नाही.) दाजी, हे लिहिताना मी खोटे लिहितो आहे असे मला क्षणभरही वाटले नाही, एवढे तुम्ही मानावे. डोळ्यांनी पाहिलेल्यावर मैदानात दोन मते असतात. देवळात एकच असते. उलट आजवरच्या बातम्यांत हीच एक मी पूर्ण खातरी करून लिहिली असे मला वाटत होते. आणि राग येणार नसेल तर एक विचारतो. मजकूर जुळवलात तुम्ही. आमची कुस्ती पौर्णिमेची हे तुम्हाला ठाऊक. मग अक्षरे बसवताना काहीच कसे टोचले नाही? तुम्ही म्हणाल, जुळारी खिळे वाचतो, बातमी वाचत नाही. ते असेल. मीही कार्डच वाचले होते.

गुरुवारी पहाटेच्या गाडीने गठ्ठा तिनईघाटला उतरला. एरवी पाच प्रती येतात, जत्रा म्हणून महाशयांनी पंचवीस धाडल्या होत्या. म्हादू त्या डोक्यावर घेऊन चार कोस धावत आला आणि दुपारपर्यंत एकूण एक खपवल्या. वाचता येणारे आम्ही जत्रेत तिघे: मी, शाळामास्तर आणि मारुतीचा वस्ताद. मी देवळात नैवेद्याच्या गडबडीत. मास्तरांनी झाडाखाली उभे राहून मोठ्याने वाचले आणि वस्तादाने राहुटीत हळू वाचले. थोड्या वेळाने मारुती स्वतः मला शोधत आला. चांगला माणूस, अंगाने डोंगर आणि बोलणे हळू. रागावलेलाही नव्हता, त्याला फक्त जाणून घ्यायचे होते. म्हणाला, “काका, मी अजून अंगाला माती बी लावली न्हाई, आन् तुमी मला पाडलं व्हय?”

मी त्याला कौलाचे सांगितले. तो म्हणाला की देव तुमचा आहे, तो तुमच्यासारखेच बोलणार. आमच्या देवाला कुणी विचारले नाही. तोवर पाटलांच्या पुढ्यात पंच जमले. चंद्रा, जो दर साली मैदानात मशाल धरतो, त्याचे म्हणणे पडले की छापून आले म्हणजे झालीच, फेटा लखूला द्यावा आणि लोकांना उजेडात घरी जाऊ द्यावे. काहींना ते पटलेही. पाटील म्हणाले, आपण तीन साल पायासाठी भांडलो, आता पाय छापून आला आहे तर तो धरताना बघून तरी घेऊ. तेव्हा कुस्ती लागली.

कुस्ती कसली, दाजी. मारुतीला ठाऊक की टांग येणार, म्हणून त्याने दोन्ही पाय असे मागे रोवले की माणूस नांगराला जुंपल्यासारखा दिसे. लखूलाही ठाऊक की टांगच मारायची आहे, म्हणून तो दुसरे काही करीना. एकजण पाय शोधतो आहे, दुसरा पाय लपवतो आहे, एवढेच उन्हे उतरेपर्यंत. पाय सांभाळण्याच्या नादात मारुतीची मान तीनदा उघडी पडली. सगळी जत्रा ओरडली की ढाक मार. बकऱ्या धरून उभ्या असलेल्या बायकासुद्धा ओरडल्या, ज्यांना ढाक काय ते ठाऊक नाही. लखूने मान सोडून दिली आणि पुन्हा पायाकडे वळला. चंद्राने मशाल पेटवली तेव्हा पंचांनी दोघांचे हात वर केले आणि बरोबरीत सोडवली.

मी लखूला ओढ्यावर गाठले. तो माती धूत होता. मी म्हटले, ढाक का मारली नाहीस रे. तो म्हणाला, देव टांग म्हणाला आणि पेपरातही तेच आले. ढाक मारून जिंकलो असतो तर देव खोटा आणि मामा खोटा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मामा, मी जितलो असतो. तुमी लिवलं नसतं तर.” आणि माझे पोथीचे गाठोडे आपल्या खांद्यावर टाकून पुढे चालू लागला.

तीन आठवडे मी त्याचा अर्थ लावतो आहे. देव खोटे बोलला असे माझ्याने म्हणवत नाही. मला वाटते, देवाने मला एकट्याला कानात सांगितले होते. मी ते बाजारात नेऊन अर्ध्या आण्याला विकले, आणि विकल्याबरोबर ते बदलले. पेरणीचा कौल मेघांना कळत नाही म्हणून खरा ठरत असेल. कुस्तीचा कौल मारुतीला कळला.

याहून नवल पुढे आहे. ते पंचवीस अंक पंचवीस घरी राहिले, आणि परवा देवळात चंद्रा, ज्याने स्वतःच्या हाताने मशाल पेटवली, तो एका पाहुण्याला सांगत होता की लखूने साडेसात मिनिटांत टांग लावली. मी म्हटले, अरे, तुझी मशाल? तो थोडा गोंधळला आणि म्हणाला, मशाल गेल्या सालची असेल. पाटीलही आता कुठला पाय ते सांगू लागले आहेत. उजवा. हे मी छापलेले नव्हते.

आणि मग तुमचे पत्र आले की धन्यांनी अंक वाचला, खूश झाले, पाडव्याच्या आत लखूला धाडावे. फुलाने ते माझ्याकडून सात वेळा वाचून घेतले. मी तिला म्हटले, बाई, कुस्ती सुटली होती, तू दोरीला धरून उभी होतीस, तू पाहिलीस. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “देवानं सांगितलं, पेपरानं छापलं, धन्यांनी बोलावलं. आता तूच एकटा न्हाई म्हनतोस, दादा.” मी तिथून उठलो. आपल्याच लिहिण्यापुढे आपण एकटे पडतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून सोबत चार ओळी जोडल्या आहेत, त्या अशा: ‘पौर्णिमेच्या अंकात आमच्या जत्रेतील कुस्तीचा निकाल आला तो कुस्तीच्या आधी लिहिलेला होता. कुस्ती बरोबरीत सुटली. चूक बातमीदाराची आहे, देवाची नव्हे.’ महाशय अशा दुरुस्त्या छापत नाहीत हे मी जाणतो, खप उतरतो. पण शेवटच्या पानावर कधी चार ओळींची जागा अडते, तेव्हा तुम्ही तेलाची जुनी जाहिरात बसवता. एका आठवड्यापुरते तेल बाजूला राहू द्यावे.

आक्काला सांगावे की मुठेल अजून आहे, हवे तेवढे धाडीन. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांच्या डोक्यावरून माझा हात फिरवावा.

तुमचा,
येसाजी

ता. क. पत्राची घडी घालताना महाशयांचे कार्ड आले. पंचवीसच्या पंचवीस प्रती आजवर कुठल्याच ठेसनावर खपल्या नव्हत्या म्हणे, आणि सुप्याच्या मैदानाचा मजकूरही असाच वेळेवर धाडावा. त्यांना माझी नजर अधू झाली म्हणून सांगावे. मात्र फुकट प्रत बंद होऊ नये असे जमले तर पाहावे. ती मला नको आहे. शुक्रवारी देवळात माणसे येऊन बसतात.

दुसरा ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या ध्यानात आले असेल. पत्र लखूच घेऊन आला आहे आणि तुम्ही वाचता आहात तेव्हा ओट्यावर बसला असेल. फुलाला वाटते की यात त्याच्या राहण्याजेवणाचे लिहिले आहे. त्याला वाचता येत नाही, म्हणून निघण्याआधी सगळे त्याला वाचून दाखवले, दुरुस्तीसुद्धा. तो म्हणाला, पेपरात यायला आठ दिवस जातील, तोवर धन्यांचा खुराक त्याच्या घशाखाली उतरणार नाही. तेव्हा ही दुरुस्ती धन्यांना आजच वाचून दाखवा, आणि मग ते ज्याला उभा करतील त्याच्याशी तो कुस्ती धरील. एवढेच खरे काम आहे, बाकीचे पत्र त्यासाठी. त्याला आधी जेवू घालावे, नंतर तालमीत न्यावे. कुठलाही डाव मारू द्यावा. पडला तर उलट गाडीने परत धाडा, फुलाला मी सांगेन. उभा राहिला तर तिला तुम्ही कळवा, माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. आणि मला कार्ड टाका, कुस्ती झाल्यावर.